शेकलेला कोयता

काय सांगू तुमाले, मी गोडंबी फोडणाऱ्याच्या घरची. बिबा भाजायचा, फोडायचा, आतली गोडंबी रोहिणखेडच्या बाजारात न्यायची, हेच माह्या मायनं केलं अन् सासरी येऊन मीबी हेच केलं. बिब्याचं तेल लागलं का अंग उतते, फोड येतात, म्हनून मायनं पह्यले शिकवलं ते हे, का बिब्याचं काहीबी चुलीच्या इस्त्यावर शेकल्याबिगर कोनाच्या हाती देऊ नोको.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तवा. डोंगराखाली आमची बिब्याची सोळा झाडं, माही अन् माह्या जाऊची मिळून. जाऊ विधवा. एका साली झाडं शेंड्याकडून वाळाले लागली, आज हे, उद्या ते. अन् मी काय केलं, सांगाले लाज वाटते, मी म्हनलं हिचीच नजर लागली. चूल वेगळी केली. दोन वर्षं बोलली नाई तिच्यासंग.

मंग कॉलेजातले एक साहेब आले, झाडाचे रोग पाहनारे. म्हने फांद्या पाठवा, कोन्ती बुरशी हाये ते पाहू. मी फांद्या तोडल्या, साहेबाचे हात उतू नये म्हनून इस्त्यावर चांगल्या शेकल्या, अन् धाडल्या. चिठ्ठी आली, यातून काहीच उगवत नाई, फांद्या शेकल्या काय? बुरशी आगीनं मेली. कपायाले हात लावला मी. दुसऱ्या खेपेले कच्च्याच घेऊन गेली बसनं, कोपरापावतर उतली.

सालीवर काळी पूड होती, मी म्हनलं हाच रोग. साहेब म्हने नाई, हे झाड मेल्यावर बसते. त्यायनं आतल्या लाकडातली कापसावानी बुरशी काचेच्या थाळीत वाढवली, चांगल्या रोपाले टोचली. पावसाळा सरता सरता रोप शेंड्याकडून वाळलं, अन् त्यातून पुन्हा तोच कापूस निंघाला. नाव लांबलचक सांगतलं, माह्या तोंडात बसलं नाई. म्हनलं साहेब, ते झाडाझाडाले जाते कशी? ते म्हने, बाई, तुमी फांद्या कायनं तोडता?

कायनं म्हंजे, कोयत्यानं. एकच कोयता, बापा, वाळक्या झाडावरून हिरव्यावर. अन् हात माहाच.

मी सरळ जाऊच्या दारात गेली. म्हनलं, बाई, तुही नजर नोहती, माहा कोयता होता. तिनं माह्या हातून कोयता घेतला, चुलीच्या इस्त्यात घातला, पातं तापलं तवा वापस देला. मंग म्हने, जेवली का?

सात झाडं वाचली. जाऊ वारून लय वर्षं झाली. आता माहे डोये गेले, नातसुना तोडतात, अन् मी बाजेवरून इचारते, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कोयता शेकला का गं? हाव म्हनतात. देव त्यायले सुखी ठेवो. बुरशी तं आगीनं मरते, पन ते दोन वर्षं मी तिच्यासंग बोलली नाई, ते कोन्त्या इस्त्यात घालू, तुमीच सांगा.