नाकाशिवाय सगळं दुखते

माझा जलम किन्हीराजाचा, गुरुजी. साल मले इचारू नका. माय सांगे का दुष्काळ सरला आन घरात पयल्यांदा जवारी आली, त्याच हप्त्यात तू आली, आन दोघींतली जवारीच जास्त कामाची निघाली. अशी माय माझी. लगन झालं मानोऱ्याकडं. सासरी बारा एकर वावर, सारी कापसाची पऱ्हाटी न तूर, आन घरात कामाले सासू, मालक आन मी. त्यातही सासूचं तोंडच जास्त काम करे.

धाकटी पोरगी झाली, त्याच्या दुसऱ्या साली दुखनं लागलं. काय सांगू तुमाले, पयले खांदा, मंग मान, मंग कंबर, मंग मांड्या. सकाई उठली का वाटे रातभर कोनी मुसळानं कांडलं. आन पाहाले गेलं तर काहीच नाही. ताप नाही, सूज नाही. सासू म्हने, नेमकं कुठं दुखते ते सांग. मी म्हनलं, आत्याबाई, नाक नाही दुखत, बाकी सगळं दुखते. तवापासून गावातल्या बाया मले नाकवाली म्हनाले लागल्या.

वैद्याचा काढा पेली, नुसतं तोंड कडू झालं. शेजारनीनं बिबा लावला, तर पाठीवर हे मोठे फोड आले. सासू मातर खुश, म्हने आता कसं काहीतरी दिसून राह्यलं! मंग भगत आनला. तो कडूलिंबाचा डगाळा घेऊन म्हने, बोल, कुठं बसला हाये? मी म्हनलं खांद्यात. त्यानं खांद्यावर मारलं. म्हनलं आता गुडघ्यात. गुडघ्यावर मारलं. मंग कंबर, मंग पोटरी. असा तो माझ्याभवती गोल गोल फिरला, घाम घाम झाला, आन एकदम वाकला तो वाकलाच, उभं राहता येईना त्याले. दोघांनी धरून घरी नेला. जाता जाता म्हने, हे भूत चालतं हाये बाई, बसतं नाही.

हसू नका. तवा मले हसू नव्हतं येत. सासूनं मालकाले सांगितलं, हे बाई वावराच्या कामाची नाही, दुसरी बायको आन. मालक माझ्याकडं न पाहता म्हनले, तू बी राह्यशीन, ते बी राहीन. मी गोठ्यात जाऊन रडली. वाटलं आता आपली गत म्हाताऱ्या बैलासारखी, चारा भेटन पन कोनी नाव घेनार नाही.

आली चंद्री. वाशीमच्या बाजूची, उंच, डोक्यावर दोन घागरी न काखेत एक, आवाज असा का गावाच्या त्या टोकाले कुत्रं उठून बसे. सासू तिच्याकडं पाहून नुसती हरखून जाये. चवथ्या दिवशी चंद्री माझ्या जवळ येऊन बसली, म्हने, बाई, मी तीन दिवस तुमाले कुडाच्या फटीतून पाहून राह्यली. मी म्हनलं, काहून? म्हने, नाटक करनारं मानूस कोनी नसलं का सरळ चालते. तुमी एकट्या असल्या तरी भिताले धरूनच उठता. खरं हाये तुमचं दुखनं.

गुरुजी, सवत ते माझी. आन तेच पयली मानूस जिनं खरं हाये म्हनलं. मी इतकी रडली का तिनंच मले पानी पाजलं.

मंग तिनं माझा कारभार हातात घेतला. म्हने, तुमचं अंग जरा बरं असलं का सासूचं तोंड बंद कराले चार बायांचं काम करता, आन मंग चार दिवस खाटेवर. चांगल्या दिवशी बी अर्धंच करा, वाईट दिवशी बी थोडं करा. एक तास निंदलं का बसा. चंद्री निरगुडीचा पाला टाकून पानी तापवे, रेतीची पोटली शेकाले दे, सकाई हिरीवर रिकामंच चालवत ने, आन दिवे लागले का म्हने झोपा. दुखनं गेलं नाही. पन वळनावर आलं.

सासूले माझं बसनं कसं पाहावनार? पऱ्हाटी फुटली होती, आभाळ भरून आलं होतं, आन मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलेली. सासू म्हने, उठ व, रानीसाहेब! चंद्री म्हने, ते उठन तवा उठन, आन आपला कंबरेचा कापसाचा वटा सोडून माझ्या बाजूले येऊन बसली. बारा एकराच्या वावरात दोन सवती धुऱ्यावर बसून गूळ-शेंगदाने खाऊन राह्यल्या! काय करते मंग? सासू न मालक दोघं वाकले कापूस येचाले. आमी दोघी उठलो, पन आपल्या टायमावर.

दुसऱ्या दिवशी दोघांले बी उठता येईना. मालक खाटेवरून मले म्हनले, गिरजे, ते रेतीची पोटली हाये का व? मी दोघांले शेकलं. सासू भिताकडं तोंड करून म्हने, रोज असंच होते का तुले? मी म्हनलं, हो. मंग तिनं कधी उठ म्हनलं नाही.

आता सासू नाही, मालक बी गेले. चंद्रीचा पोरगा मले मोठी माय म्हनते, नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात, जवा खांदा खेळू देते तवा. दुखनं हाये तिथंच हाये. राहो. सुखी राहा गुरुजी, लेकराबाळांत राहा. आन जाता जाता मले उठाले जरा हात द्या. हळू. अवो, हळू म्हनलं ना!