आंधळा डबा

दुसरं महायुद्ध संपलं होतं, राजा परदेशात पळालेला होता, आणि सर्बियातल्या त्या खेड्यात बायकांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. शाळेसमोरच्या रांगेत निवृत्त पोस्टमास्तर स्वेतोझार उभे होते. त्यांच्या पुढे ल्युबिसाव आणि त्याची बायको स्तामेना. मास्तर मुद्दाम ऐकत नव्हते, कान तेवढे उघडे होते.

"हे बघ," ल्युबिसाव समजावत होता, "रबरी चेंडू देतील. मूठ मिटून दोन्ही डब्यांत हात घालायचा आणि चेंडू एकातच सोडायचा. कुणाला काही कळत नाही."

"पहिला डबा कम्युनिस्टांच्या आघाडीचा. दुसरा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. त्याला आंधळा डबा म्हणतात. ज्यांना आघाडी नको, त्यांच्यासाठी."

"म्हणजे निवडायचं काय, हे नाहीतर कुणीच नाही?"

"हळू बोल गं. राजाच्या वेळी आम्हाला अधिकाऱ्यापुढे उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगावं लागायचं. त्यापेक्षा हे बरं."

"बरं तर बरं."

"तू मात्र पहिल्यातच हात घाल आणि मोकळा पंजा सगळ्यांना दाखव. आपला मुलगा मिलुतिन आघाडीवाल्यांच्या कोठडीत आहे. खूश झाले तर सोडतील."

"त्याला आत टाकताना माझं मत कुणी विचारलं नव्हतं."

स्तामेनाने दोन्ही डब्यांत हात घातला. दुसऱ्यात जरा जास्तच वेळ ठेवला. ल्युबिसाव घामाघूम.

"कुठे सोडलास चेंडू?"

"गुप्त असतं म्हणाले."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"अहो, तेही विचारून घेतलं. नवऱ्याला सवलत नाही."