बुलेट चढवायची आमच्या घरची रीत

राहू द्या भावजी, चावी राहू द्या तुमच्या खिशातच. मी मागितली का? आल्यापासून एकदा तरी म्हटलं का, की भावजी, चावी द्या? तुम्ही आपले उगीच खिशावर हात दाबून उभे — दुखेल तो हात. बसा ना, ओट्यावर जागा आहे. — भैया, गाड़ी थोड़ी और पीछे लो, ओटे से बिलकुल सटाकर, हाँ, बस — बघा, पिकअपवाला कसा सांगितलं ते ऐकतो. परका माणूस आहे ना, म्हणून. तर चावी. काल संध्याकाळी तुम्ही आलात, ‘वहिनी, जरा इंजिन बघतो’ म्हणालात, चावी काढलीत आणि तशीच घेऊन घरी गेलात. मला वाटलं विसरलात. वय होतं माणसाचं. पण आज पिकअप दारात लागायच्या आत तुम्ही हजर, दाढीबिढी करून, तेव्हा लक्षात आलं — अच्छा, म्हणजे ही नाकाबंदी आहे! चावी जयसिंहरावांकडे, आता बुलेट जाईल कुठे! अहो भावजी, हे गेले त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून ती सुरूच झालेली नाही. बॅटरी मेली, कार्बोरेटर जाम. चावी फिरवली काय अन् न फिरवली काय. आणि तसंही चढवताना इंजिन बंदच ठेवायचं असतं. न्यूट्रलला टाकायची आणि हातानं ढकलायची. हां, हँडल लॉक करून चावी नेली असतीत तर मात्र मी अडले असते, खरंच अडले असते. पण ते तुम्हाला सुचलं नाही. जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नका.

मला कोण सांगणार हे सगळं? हर्षितानं सांगितलं. भोपाळहून फोनवर चित्रं दाखवून दाखवून. आई, पिकअप गल्लीच्या उतारावर तोंड खाली करून लावायची नाही. ओट्याला पाठ करून लाव — आपला ओटा उंच, पिकअपचा हौदाही जवळपास तेवढाच, मग चढ राहतो वीतभर. मागच्या चाकांना दगड. फळी रुंद घे, आणि नुसती टेकवू नकोस, दोरानं पिकअपच्या कड्यांना बांध, नाहीतर गाडीचं वजन आलं की ती मागे सरकते. शेजारी दुसरी फळी, आपल्याला चालायला. मग मला पुन्हा म्हणून दाखवायला लावायची — शाळेत मास्तर करायचे तसं. मी म्हटलं, अगं, मला काय परीक्षेला बसायचंय? तर म्हणे, हो. — हसता काय? तुम्ही घ्या ना परीक्षा. विचारा. फळी सरकली तर काय होतं, ते विचारा. ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

नाही, नाही, तसं काही म्हणायचं नव्हतं मला. तुम्ही लगेच चेहरा पाडता. — काय म्हणालात? बसून चढवायला हवी? अरे देवा. अजून तेच! ऐका हो भैया — नहीं, कुछ नहीं, आप रस्सी बाँधो — आमच्या घराण्यात म्हणे घोडं लगामाला धरून ओढत नाहीत, स्वार होऊन चढवतात. कुठल्याशा पणजोबांनी डगमगत्या नावेत असाच घोडा चढवला होता, चंबळेच्या काठावर. ऐकलंय मी, लग्न होऊन आले त्या आठवड्यातच ऐकलं होतं. पण भावजी, घोड्याला पाय असतात चार. फळी हलली की ते स्वतःला सावरतं. बुलेटला कोण सावरणार? ती पडते. तिला तुमच्या पणजोबांची कथा कुणी सांगितलेली नाही.

आठवतं का ते, शिवपुरीचं? तुमच्या मेहुणीचं, प्रांजलीचं लग्न होतं. तुम्हाला मांडवाच्या दारापर्यंत बुलेटवर बसून जायचं होतं, ह्यांच्या बुलेटवर. पण शिवपुरीपर्यंत मे महिन्याच्या उन्हात चालवत नेणार कोण — म्हणून टेंपो मागवला. टेंपोतून बुलेट शिवपुरीला, आणि मांडवापाशी उतरवून तुम्ही स्वार! अहो, किती हसले होते मी स्वयंपाकघरात. आणि त्याहून कहर म्हणजे गाडी चढवायच्या वेळीसुद्धा तुम्ही फेटा बांधून आलात. किला गेटच्या सगळ्या मोहल्ल्यानं बघायला हवं ना. फळी म्हणून काय घेतलंत, तर जुन्या पलंगाचा पाट. बांधली? नाही. टेंपो उतारावर. दगड नाही. हे म्हणत होते, जया, उतर, ढकलूया. तुम्ही म्हणालात, दादा, तू फक्त मागे राहा. राहिले बिचारे मागे. मग ह्यांचा पाय घसरला, गाडी अंगावर आली, घोटा गेला — असंच ना? असंच सांगतो आपण सगळ्यांना. हेही तसंच सांगायचे. माझाच पाय घसरला हो, चप्पल गुळगुळीत होती. आणि तुम्ही तो फेट्याचा शेमला डोळ्यावरून बाजूला करत नुसतेच —

काय?

कुठला शेमला? ... फेट्याचा. सुटला नव्हता का? क्लच सोडलात, इंजिन गुरगुरलं, गाडीनं झेप घेतली, फेटा सुटून पुढे आला आणि तुम्ही हँडल सोडून दोन्ही हात डोळ्यांकडे नेलेत. — मला कसं ठाऊक. भावजी, गच्चीवर मी पापड वाळत घालत होते. कठड्याशीच उभी होते. वरून सगळं दिसतं. तुम्ही उडी मारलीत डावीकडे, चांगली उडी मारलीत, फेटासुद्धा हातात धरून. आणि गाडी गेली उजवीकडे, ह्यांच्यावर. ह्यांची चप्पल अजिबात गुळगुळीत नव्हती. नवीन होती, टोपी बाजारातून मीच आणली होती त्याच आठवड्यात.

हे बोलायचं नव्हतं मला. ह्यांनी दवाखान्यातच शपथ घातली होती — जयाचं नाव काढायचं नाही, त्याच्या सासरची माणसं आहेत, त्याची मान खाली जाईल. नाही काढलं. मग तुम्ही प्रत्येक लग्नात सांगत राहिलात, दादाचं काय, दादा पहिल्यापासून जरा ढिलाच, मी म्हणतो तो चपळ असता तर काहीच झालं नसतं. सगळे हसायचे. हेही हसायचे. मी वाढत असायची, पुढच्या पानावर जायची. — नका, पाणी नको मला. तुम्हालाच हवंय का? माठ आत आहे.

आणि आता म्हणता, बुलेट आमच्या राजवर्धनला द्या, घराण्याची गाडी घराण्यात राहू दे. राजवर्धन चांगला मुलगा आहे, मला काही त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही. वडिलांवर गेलाय तेवढंच. पण तो घोटा गेल्यावर ह्यांना किक मारता येईना, हे तुम्हाला माहीत होतं? कधी विचारलंत, की दादा, पाय गेला तरी तू रोज सकाळी गाडी कशी काढतोस? हर्षिता काढायची. शाळेच्या गणवेशात. वेणी दातात धरून किक मारायची, पहिल्या किकेला सुरू नाही झाली तर ह्यांना म्हणायची, बाबा, तुम्ही तिच्याकडे बघू नका, ती लाजते. मग पुढे ती चालवायची आणि हे मागे बसून जायचे, ऐटीत, काठी आडवी मांडीवर घेऊन. हा सिमेंटचा उतार आहे ना ओट्याचा, तो तिनंच मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून करवून घेतला, म्हणजे बाबांना गाडी धरून उतरवावी लागू नये. आणि त्या वर्षी खंडेनवमीला — तलवार आणि बुलेट शेजारी शेजारी मांडलेली, दोन्ही मी आणि तिनं चिंच लावून, फडक्यानं पुसून लखलखीत केलेली — तिनं हेडलाइटला कुंकू लावायला बोट पुढे केलं, तर तुम्ही तिचा हात धरलात. हळूच धरलात, तसे तुम्ही प्रेमळ आहात. म्हणालात, बेटा, हे पुरुषांचं असतं, तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. घासायला आम्ही, कुंकवाला तुम्ही. तिनं बोटावरचं कुंकू फ्रॉकला पुसलं. निघालं नाही ते कधी. मी रिन लावला, लिंबू लावलं.

असो. भैया, हो गया? वो रस्सी ज़रा खींचकर देखो — नाही हलत. छान. चला.

अहो, तुम्ही कुठे निघालात? थांबा. तुमच्याशिवाय कसं होणार! भैया वर हौदात उभा राहून पट्टा ओढतोय, मी इकडे डाव्या बाजूला, हँडलशी, पुढचा ब्रेक माझ्या हातात. मागे माणूस हवा. या. सीटमागच्या कांबीला धरा — तिकडे नाही, उजव्या बाजूनं. हो, तिथंच. ह्यांची जागा ती. घाबरू नका हो, वर कुणी बसलेलं नाही, इंजिन बंद आहे, फळी बांधलेली आहे आणि तुमच्या डोक्यावर काही नाही. फक्त नेमकं चाकाच्या मागे नका उभे राहू, जरा बाजूला. ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतेय. मी ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं. मी ब्रेक दाबेन. — चलो भैया, धीरे — हां — पुढचं चाक चढलं — ढकला ना भावजी, नुसता हात काय लावता, गाय आहे का ती — थांबा! श्वास घ्या. मागे काय सरकता? गाडी माझ्या हातात आहे. नाही सोडणार मी. मला डोळ्यांवर हात न्यायची गरज नाही, पदर खोचलाय. — हां, चलो — आणि एकदा — आली! आली बघा वर. बस्स, भैया, अगला पहिया आगे रखे टायर से लगा दो. गियरमध्ये टाका आता. आता पट्टे. हँडलच्या खालून, दोन्ही बाजूंनी, पुढे ओढून, पुढचे शॉक जरा दबेपर्यंत. स्टँडवर नाही उभी करायची, स्टँड वाटेत घात करतो. पट्ट्याखाली ही गोधडी घाला, टाकीला ओरखडा नको. ह्यांच्या अंगावरची आहे. — बघा, किती वेळ लागला? आणि कुणाचंच काही मोडलं नाही. आश्चर्यच की नाही, आपल्या घरात!

मी? मी पुढे बसतेय, भोपाळपर्यंत. घर आवरून ठेवलंय. परत येईन की, का नाही येणार? दसऱ्याच्या आधी हर्षितालाच सांगणार आहे आणायला, तिच्याच मागे बसून येईन, ह्यांची काठी मांडीवर घेऊन. तोवर मोहल्ल्यात काय सांगायचं ते सांगा. माझाच पाय घसरला म्हणा.

आता काय? चावी? देताय?

अहो नको. खरंच नको, ठेवा तुमच्याकडे. दुसरी हर्षिताकडे आहे, ह्यांनीच दिली होती, तिच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी. ही तुम्ही खंडेनवमीला तलवारीशेजारी मांडा. झेंडूचं फूल वाहा, कुंकू लावा. मात्र घासून तुम्हीच घ्या या वर्षी, चिंच फडताळात आहे, वरच्या. — सरका भावजी. फळी ओढायची आहे.