माझ्याच पाठीवरची तुंबडी

—हलू नका साहेब, पाठीवरच्या तुंबडीची काच सुटेल. आणि शपथेवर सांगतो, अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या एका मित्राची गोष्ट— बरं, मित्र कसला, माझीच. पण बाकी खरं!

आवाज मोठा वाटतोय? असू दे. तुमचं तोंड उशीत, तुम्हाला ऐकू यायला नको?

तर माझी पाठ धरली. कशानं? मोरीत वाकून तुंबड्या धुवून, आत्ता तुमच्यासाठी धुतल्या ना, तशाच. पूर्वी हे काम मंडळी करायची— आमची मंडळी, ती काय, त्या पडद्यापलीकडेच बसते. पण एका गिऱ्हाइकासमोर मी छाती फुगवून म्हणालो, 'कला माझी, ती नुसत्या काचा विसळते.' तिनं हातातलं फडकं ठेवलं ते ठेवलंच. तेव्हापासून अबोला. मीठ मागितलं तर मीठ येतं, शब्द येत नाही.

ओढल्यासारखं होतंय? व्हायचंच. पडून राहा.

मग म्हटलं, जगाच्या पाठी मोकळ्या करणारा मी, मला माझी जमणार नाही? रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो म्हणतात ना— मी त्या न्हाव्याचाही गुरू! तुंबडी बाकावर उताणी ठेवली, पेटता बोळा आत फिरवून काढला, आणि धाडकन तिच्यावर पाठ टेकली. चिकटली! वा रे पठ्ठ्या, म्हटलं. आणि मग डोक्यात उजेड पडला, की आता हिला सोडवायची कशी? तसं काय, काठाशी बोट दाबलं की हवा शिरते, सुटते, पोरखेळ आहे— पण बोट पोचायला नको? वरून पोचेना, खालून पोचेना. स्वतःचं शेपूट धरू बघणाऱ्या कुत्र्यासारखा गरागरा फिरलो. दाराच्या चौकटीला घासून पाहिली, म्हशीसारखी. शेवटी सदऱ्याखाली ती उंटाची मदार घेऊन गेलो स्वयंपाकघरात, तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि म्हणालो, 'चुकलो गं. तुझ्या हाताशिवाय माझं काही सुटत नाही.' तिनं सदरा वर केला, बोट टेकवलं— फुस्स! आणि अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांना पदर लावला.

काय? मग अजून काचा मीच का धुतो?

...तुम्ही पालथे पडूनही बरंच बघता हो.

बरं, ऐका. तुंबडी खरी, कुत्रा खरा, म्हैस खरी. फुस्सही खरं. फक्त ती हसली नाही. आणि हसेल कशाला? 'चुकलो' असं मी म्हणालोच नव्हतो. पाठ करून नुसता उभा राहिलो, ठोंब्यासारखा. सुटल्यावर सदरा खाली ओढला आणि आलो बाहेर. तो शब्द आत्ता पहिल्यांदा तोंडातून निघाला— तोही तुमच्या पाठीवर वाकून, एवढ्या मोठ्यानं...

श्श. पडदा हलला का हो?

चला, सोडतो तुमच्या. ही एक... ही दुसरी... झालं. उठा, सदरा घाला, डाग जातील आपोआप. अहो, तिकडे काय बघताय? दार इकडे आहे. निघा!