चाळीस नंबरला मी घातलेलं कुलूप

विलगारी पोलीस ठाणे. शुक्रवार, ता. ११ ऑगस्ट २०२३. सकाळी १० वाजून ५ मिनिटं. पुरवणी जबाब.

माझं नाव टेगन मे हॅलोरन. वय बावीस. शिक्षण नववी. काम घरचं, आणि मुलगी सांभाळणं. मुलीचं नाव विनी, नऊ महिन्यांची. राहायला मर्रानू फार्मवर, कामगारांच्या दुसऱ्या घरात. इथून ८६ किलोमीटर, सगळा मातीचा रस्ता.

मी आज आपल्या पायाने ठाण्यात आले आहे, कोणी बोलावलेलं नाही. सार्जंट पावेलबाईंनी सांगितलं की वकील हवा असेल तर थांबू, आणि तू बोलशील ते तुझ्या अंगावरही येऊ शकतं. मी म्हटलं, कळलं. मी विचारलं, ह्याच्यावरून सरकारी माणसं विनीला घेऊन जातील का. बाई म्हणाल्या, आधी काय ते सांग तरी. म्हणून सांगते.

ता. ३ ऑगस्टच्या अपघाताबद्दल मी ४ तारखेला हॉस्पिटलात एक जबाब दिला होता. त्यात मी म्हटलंय की ब्रोडीने ट्रकवाल्याला रेडिओवर तीनदा हाक मारली आणि ट्रकवाल्याने एकदाही उत्तर दिलं नाही. ब्रोडी क्विल्टी म्हणजे माझा नवरा, लग्न अजून लागलेलं नाही. ट्रकवाला म्हणजे क्लिफ बार्डन. त्या दिवशी मला जे ऐकू आलं तेच मी सांगितलं होतं. पण खरं तसं नव्हतं.

आमच्या गाडीत पूर्वी बोलायचा रेडिओ नव्हता. विनी झाल्यावर मीच ब्रोडीच्या मागे लागले. तिकडे फोन लागत नाही. रस्त्यावर धुळीत पुढचं मागचं दिसत नाही, एकमेकांना हाक मारूनच जावं लागतं. ता. १५ जुलै, शनिवारी आम्ही गावात डेस पाशेनकडे गेलो. तो गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो.

डेसने काउंटरवर दोन अँटेना ठेवल्या. एक हातभर, एक माझ्या छातीपर्यंत येणारी. म्हणाला, "डोंगरात राहत असता तर आखूड दिली असती. तुमच्याकडे सगळ्यात उंच काय, तर वारूळ. लांब घ्या. ती आवाज आडवा फेकते, दूरवर."

ब्रोडी म्हणाला, "लांबच दे. फार्मवरची पोरं जळली पाहिजेत."

"जळतील, जळतील. पहिल्या फांदीत अडकलास की हसतीलही."

रेडिओ मी निवडला. ज्याची सगळी बटणं आणि छोटा पडदा माइकवरच असतो, तसला. डबा सीटखाली जातो. विनी दिसेल त्याला हात घालते म्हणून. ब्रोडीला मोठी बटणं समोर असलेला हवा होता, पण तो म्हणाला तुला हवा तो घे.

अँटेना बुलबारवर, म्हणजे गाडीपुढच्या लोखंडी दांड्यावर लावली, खाली स्प्रिंग घालून. वायर दारात चिमटायला नको म्हणून डेसने ती बॉनेटच्या आतून रबरी बुचातून आत घेतली. ब्रोडी म्हणाला, वीज सिगरेटच्या सॉकेटमधून घेऊ या की. डेस म्हणाला, "मग माझ्याकडे कशाला आलास? आजीकडे जायचंस." त्याने बॅटरीपासून थेट वायर आणली, मधे फ्यूज घातला. उरलेली वायर ब्रोडी गुंडाळून सीटखाली कोंबत होता, तर डेसने हातावर चापट मारली आणि ती मापात कापली. मग आपली गाडी घेऊन कचराडेपोपर्यंत गेला, नऊ किलोमीटर, आणि तिथून बोलला, "टेगन, येतंय का गं ऐकू? लवकर बोल, इथे वास मारतोय." मला अगदी कानात बोलल्यासारखं ऐकू आलं. त्याच्या कामात काही खोट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

रेडिओवर फार्मचा नंबर, म्हणजे चॅनेल, बारा. शेजारच्या फार्मचाही बाराच. दोघांची बडबड एकात एक मिसळते म्हणून आमच्या सगळ्या रेडिओंना बारावर कुलूप असतं. डेस त्याला कुलूपच म्हणतो. तो एक सूर असतो, माणसाला ऐकू न येणारा. समोरच्याच्या रेडिओत तोच सूर असेल तरच त्याचा आवाज आपल्याकडे येतो. नसेल तर आपला रेडिओ गप्प राहतो, पण आपलं बोलणं मात्र त्याला जातं. ते लागलं की पडद्यावर नंबराच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी खूण येते. डेसने कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते मला दाखवलं. म्हणाला, "हे बाराचं. चाळीसला कधी करायचं नाही. चाळीस रस्त्याचा, तो सगळ्यांना उघडा."

मी हो म्हटलं. ब्रोडी तेव्हा मागे टायर चढवत होता. त्याने हे ऐकलं नाही. मी ऐकलं.

ता. ३० जुलै, रविवारी मी विनीला घेऊन एकटीच गावातून घरी येत होते. तिला दात येतायत. दोन रात्री झोपली नव्हती, त्या दिवशी गाडीत डोळा लागला. चाळीसवर दोन ट्रकवाले बोलत होते. एका बाईबद्दल. ते काय बोलत होते ते मी इथे सांगत नाही. मोठमोठ्याने हसत होते. मी माइकवर म्हटलं, अहो, गाडीत लहान मूल आहे. तर एकजण म्हणाला, "मग त्याला शिकू दे की, ताई." विनी उठली.

आवाज कमी केला असता तर बारावरून ब्रोडीने हाक मारली तरी कळलं नसतं. रेडिओ दोन्ही नंबर आळीपाळीने ऐकतो. म्हणून मी गाडी बाजूला थांबवली, माइक हातात घेतला आणि डेसने बाराला दाखवलं होतं तसंच चाळीसला केलं. ते दोघे गप्प झाले. विनी झोपली. घरी पोचले की काढून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

घरी पोचल्यावर तिचं दूध, तिची आंघोळ. मी काढलं नाही. ब्रोडीला सांगितलं नाही. चार दिवस गाडी दारात उभी होती. तो कामाला फार्मच्या गाडीने जातो.

ता. ३ ऑगस्ट, गुरुवारी विनीची साडेअकराला क्लिनिकची वेळ होती. आम्ही नऊनंतर निघालो. ब्रोडी चालवत होता, मी मागे तिच्याजवळ. अर्ध्या वाटेत पुढे क्लिफचा ट्रक लागला. गुरांनी भरलेले तीन डबे, लांबच लांब. त्याची धूळ भिंतीसारखी. खिडक्या बंद तरी आत येत होती. विनी खोकत होती आणि रडत होती.

ब्रोडीने माइक घेतला. म्हणाला, "गुरांच्या ट्रकवाल्या, मागे पांढरी गाडी आहे. पुढे वाट मोकळी आहे का? येऊ का?" काही आलं नाही. थोड्या वेळाने परत. परत काही नाही. तिसऱ्यांदा विचारून ब्रोडी म्हणाला, "म्हातारा झोपला वाटतं. आज रस्त्यावर सगळेच मुके झालेत."

त्या वेळी मला कुलूप आठवलं का, असं सार्जंटबाईंनी विचारलं. नाही आठवलं. मी स्वतःला फार वेळा विचारलंय. नाही आठवलं.

मी म्हटलं, "जा ना आता. पोर गुदमरतंय."

ब्रोडी म्हणाला, "तो बोलल्याशिवाय जायचं नसतं गं."

मी म्हटलं, "तो बोलत नाहीये. किती वेळ बसायचं असं?"

मग वारा जरा फिरला आणि उजवी बाजू थोडी मोकळी दिसली. ब्रोडीने गाडी बाहेर काढली. आम्ही ट्रकच्या दुसऱ्या डब्यापर्यंत पोचलो असू. रस्ता सपाट करणाऱ्या मशीनने उजव्या अंगाला मातीचा बांध ओढून ठेवला होता, गुडघ्याच्या वर. त्यावर चाक चढलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. गाडी उलटली. विनी तिच्या सीटमध्ये होती, पट्ट्यात, उलटी. ती रडत नव्हती, म्हणून मी रडायला लागले. मग ती रडली.

क्लिफ धावत आला. आधी त्याने विनीला काढलं आणि ट्रकच्या सावलीत ठेवलं. मग अंगातला शर्ट काढून ब्रोडीच्या डोक्याला धरला. विमानाने येणारे डॉक्टर पोचेपर्यंत, म्हणजे दीड तास, तो तसाच गुडघ्यावर बसून होता. हात हलवला नाही. मशीनवाला माणूस लांब झाडाखाली चहा घेत होता, मशीन बंद होतं, त्याने रेडिओवर काही ऐकलेलं नाही. दुसरं ऐकणारं कोणी नव्हतं.

क्लिफ मला म्हणाला, "पोरी, मी सांगत होतो गं. थांबा, उजवीकडे बांध आहे, तो गेला की मीच बोलावतो. तीनदा सांगितलं. ऐकू नाही आलं?"

मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, खोटारड्या. झोपला होतास.

ब्रोडी टाउन्सव्हिलच्या हॉस्पिटलात आहे. अजून डोळे उघडलेले नाहीत.

माझ्या पहिल्या जबाबावरून क्लिफचं लायसन काढून घेतलं, त्याच्या मालकाने त्याला घरी बसवलं. गावात सगळे म्हणतात म्हातारा झोपला होता. दुकानात मला आधी पुढे जाऊ देतात. एकतीस वर्षं तो ह्या रस्त्यावर ट्रक चालवतोय, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. ती माझ्याशी भांडली नाही. विनीसाठी सूप ठेवून गेली.

ता. ९ ऑगस्ट, बुधवारी दुपारी मी विनीची सीट आणायला फार्मच्या गाडीने डेसच्या यार्डात गेले. पोलिसांनी फोटो काढल्यापासून आमची गाडी तिथेच आहे. डेसने रेडिओ काढून टेबलावर ठेवला होता, दुसरी बॅटरी लावून. म्हणाला, "माझीच वायर सुटली होती का बघतोय. सहा दिवस जेवण जात नाही, टेगन." वायर सुटलेली नव्हती. त्याने हातातला छोटा रेडिओ घेतला, चाळीसवर लावला आणि बोलला, "एक, दोन, तीन." तो माझ्यासमोर उभा होता. टेबलावरचा रेडिओ गप्प.

मग त्याने माइक उजेडात धरला, चष्मा वर केला आणि ती खूण बघितली. त्याने बटण दाबून ठेवलं. खूण गेली. परत बोलला, "एक, दोन, तीन," आणि टेबलावरून त्याचाच आवाज आला. मी विनीची सीट उचलून दाराकडे निघाले.

तो म्हणाला, "हे ब्रोडीने केलं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

हे मी खोटं बोलले. डेसने चष्मा परत डोळ्यावर घेतला. मग त्याने खूण परत होती तशी लावली आणि म्हणाला, "त्यानेच केलं असणार. आता त्याला काय विचारायचं. मी स्वतःहून कुठे बोलत नाही, पोरी. घरी जा." तो चांगल्या मनाने म्हणाला. ह्याबद्दल त्याला त्रास देऊ नये.

मी गेले घरी. दोन दिवस गप्प राहिले. ब्रोडीची आई हॉस्पिटलातून फोन करते, म्हणते त्या ट्रकवाल्याला मी सोडणार नाही. मी हूं म्हणते. ब्रोडी उठला आणि त्याला कोणी सांगितलं की चाळीसला कुलूप तू घातलंस, तर तो मानेल. त्याला वाटेल विसरलो असेन. तो तसाच आहे. आणि नाही उठला तर कोणी विचारणारच नाही.

काल क्लिनिकच्या बाहेर क्लिफ भेटला. मी रस्ता ओलांडणार होते. त्याने टोपी काढली आणि लांबूनच विचारलं, "पोर बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, "बरं झालं," आणि गेला. 

मी भिते, हे खरं आहे. मी सहा वर्षांची असताना सरकारी माणसांनी मला आईकडून नेलं. तेव्हाही एक बाई समोर बसून लिहीत होती. आई खरं बोलत होती की खोटं ते मला माहीत नाही, पण ती खूप बोलली आणि मग मला नेलं. त्यानंतर मी चार परक्या घरांत राहिले. म्हणून मी हे सगळं नऊ तारखेला किंवा दहा तारखेला सांगायला आले नाही. दुसरं कारण नाही.

सार्जंटबाईंनी एका ठिकाणी लिहिलं होतं की माझ्याकडून नकळत बटण दाबलं गेलं. ते मी काढायला लावलं. मी कळून दाबलं. काय होईल ते कळलं नव्हतं, पण दाबलं कळून.

पहिल्या जबाबातलं ट्रकवाल्याने उत्तर दिलं नाही हे वाक्य रद्द समजावं. माझ्या समजुतीप्रमाणे क्लिफ बार्डनने उत्तर दिलं असणार, आणि थांबा म्हणूनच सांगितलं असणार. ते आमच्या गाडीत आलं नाही, कारण मी येऊ दिलं नव्हतं. आणि जा म्हणून ब्रोडीला मीच म्हटलं. रेडिओ मी आज सकाळी डेसकडून मागून बरोबर आणला आहे, खूण अजून त्यावर आहे. तो ठाण्यात जमा करते.

हे सगळं सार्जंट पावेलबाईंनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाचता येतं, पण हळू, म्हणून वाचून दाखवा असं मीच म्हटलं. मी बोलले तसंच आहे. कोणी भरीस घातलेलं नाही.

विनी बाहेर हवालदाराच्या मांडीवर आहे, तिचा आवाज इथपर्यंत येतो आहे. सही करण्याआधी मी विचारलं की आज मी तिला घेऊन घरी जाऊ शकते का. बाई म्हणाल्या, आज जा. उद्याचं विचारलं, तर म्हणाल्या, आपण बघू. आज जा म्हणाल्या तेवढं तरी ह्या कागदावर लिहा, असं मी सांगितलं. त्यांनी लिहिलं आहे.

सही: टेगन हॅलोरन