खुर्ची बंद होते का?

टेस्टर: या तपासणीवर सही मी करणार नाही, गुरुजी.

गुरुजी: अगं, चाळीसच्या चाळीस टेस्ट पास, हिरव्या आल्यात. अजून काय हवंय तुला?

टेस्टर: तेच तर खुपतंय. चाळीस टेस्ट आणि एकही लाल नाही. माझं स्वतःचं कोड पहिल्या फटक्यात एवढं कधी चाललेलं नाही.

गुरुजी: कारण ते तुझं असतं. खुर्ची चालवणारी ही सॉफ्टवेअरची लायब्ररी मी लिहिलीय. सी भाषेत, एक ओळ इकडची तिकडे नाही. दातांच्या दवाखान्यातल्या आपल्या सगळ्या खुर्च्या अकरा वर्षं तिच्या जिवावर वरखाली होतायत. आणि तुला इथे येऊन दोन महिने झाले.

टेस्टर: दोन महिने नऊ दिवस. नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे बाकी आहेत, तेही माहीत आहे मला.

गुरुजी: मग शहाण्यासारखी सही कर. सोमवारी साठ खुर्च्या निघायच्यात. उगाच फाटे नको फोडूस.

टेस्टर: आधी ऐकून तर घ्या. लायब्ररीत दोन मुख्य फंक्शन. 'सुरू' म्हटलं की ती खुर्चीच्या मोटरचा ताबा घेते. 'बंद' म्हटलं की ताबा सोडते. बरोबर?

गुरुजी: शिकव, मलाच शिकव.

टेस्टर: मी 'सुरू' न करताच 'बंद' म्हटलं. उत्तर आलं, सगळं ठीक.

गुरुजी: समंजस आहे ती.

टेस्टर: लागोपाठ दोनदा 'बंद' म्हटलं. ठीक. शंभरदा म्हटलं. शंभरदा ठीक. मग जी खुर्ची जोडलेलीच नाही, ती बंद करायला सांगितली. तरी ठीक. नव्या नव्हाळीत माझ्या नवऱ्यानंसुद्धा इतक्या वेळा 'हो' म्हटलं नव्हतं.

गुरुजी: याला भक्कमपणा म्हणतात. काहीही विचारा, कोसळत नाही.

टेस्टर: भिंतीलाही काहीही विचारा, कोसळत नाही.

गुरुजी: जीभ जरा लांबच आहे तुझी.

टेस्टर: म्हणून आज सकाळी एकेचाळिसावी टेस्ट लिहिली. सुरू, बंद, परत सुरू. एवढीच. दुसऱ्या 'सुरू'ला उत्तर काय आलं सांगू? 'मोटर आधीच ताब्यात घेतलेली आहे.' कोणी घेतलीय? हिनेच. म्हणजे मघाशी सोडली म्हणाली ते खोटं.

गुरुजी: तुझ्या मशीनचा घोळ असेल.

टेस्टर: तीन मशीनवर तेच आलं.

गुरुजी: मग वायर सैल असेल कुठेतरी.

टेस्टर: वायरच नाहीये, गुरुजी. मोटरही नाहीये. टेस्टसाठी मी खोटी मोटर लिहिलीय, सगळं कॉम्प्युटरच्या आत. सैल व्हायला आहे काय तिथे?

(वायरमन खांद्यावरची पिशवी उतरवत दारातून आत येतो.)

वायरमन: माझ्या वायरीचं चाललंय का? सैल म्हणून ऐकू आलं.

टेस्टर: या दादा, बसा. कालची खुर्ची सुटली का?

वायरमन: सुटली एकदाची. पण माणूस आधी सुटला आणि खुर्ची नंतर. डॉक्टरीणबाईंनी पेशंटला वर घेतलं, आणि त्यांचंच कोपर लागून बटण बंद झालं. परत चालू करतात तर खुर्ची ढिम्म. तो बिचारा वर, तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर. मी पोचेपर्यंत पाऊण तास गेला.

टेस्टर: मग उतरवलंत कसं?

वायरमन: स्टूल लावून. उतरता उतरता तो मला काहीतरी बोलला, पण कापसामुळे कळलं नाही. बरंच झालं.

टेस्टर: आणि खुर्ची?

वायरमन: नेहमीचा उपाय. भिंतीतला प्लग काढायचा, साठ आकडे मोजायचे, परत लावायचा. लागली चालायला. तरी वायर सगळी बदललीच मी. अकरा वर्षांत शंभरएक खुर्च्यांच्या बदलल्या असतील. मीटर लावला की तो सांगतो, वायर नीट आहे. डोळ्यालाही नीटच दिसते. पण खुर्चीचं सॉफ्टवेअर म्हणतं सगळं ठीक, ते खोटं कशाला बोलेल? माझ्याच हाताला काहीतरी खोट आहे, दुसरं काय.

टेस्टर: प्लग काढला की मेमरी पुसली जाते, मोटर आपोआप सुटते. रोज रात्री दवाखाने भिंतीतला मेन स्विचच बंद करतात, म्हणून एरवी अडत नाही. बटणानं बंद केलं तर काम 'बंद' फंक्शनचं. गुरुजी, त्याचं मूळ कोड दाखवा. दोन महिने मागतेय.

गुरुजी: ते माझ्या मशीनवर आहे.

टेस्टर: तुम्ही त्याच मशीनपुढे बसलायत.

वायरमन: दाखवा की, गुरुजी. काय एवढं सोनं पुरून ठेवलंय?

गुरुजी: दादा, तुम्ही जेवून या ना. सकाळपासून बाहेर आहात.

वायरमन: जेवलो मी. लावा ते.

गुरुजी: हं. घ्या. बघा.

टेस्टर: हे 'सुरू'. दोनशे ओळी. वा, सुंदर लिहिलंय, खरंच. आणि हे 'बंद'... गुरुजी, बाकीचं कुठे आहे?

गुरुजी: बाकीचं नाही.

वायरमन: काय लिहिलंय, ताई? मला नाही कळत त्यातलं.

टेस्टर: एक ओळ आहे. 'सगळं ठीक आहे असं सांगून परत जा.' झालं. करत काहीच नाही. आणि तिच्यावर गुरुजींचा शेरा. 'सूज उतरल्यावर लिहिणे.'

वायरमन: कुणाची सूज?

गुरुजी: माझी. अक्कलदाढ ठणकत होती. गाल असा वर आलेला की एका डोळ्यानं टाइप करत होतो. 'सुरू' कसंबसं संपवलं. 'बंद' दोन दिवसांनी लिहू म्हटलं, आणि तात्पुरती ती ओळ टाकली.

टेस्टर: दोन दिवसांनी.

गुरुजी: आठ गेले. दवाखान्यात जायची छातीच होईना. त्या खुर्चीत पडून राहायची मला भीती वाटते. हसू नकोस.

टेस्टर: हसत नाहीये. मग दाढेचं काय केलंत?

गुरुजी: काढली शेवटी. साध्या लाकडी खुर्चीत बसून, डॉक्टरांच्या हातापाया पडून. परत आलो तर मालकीणबाईंनी लायब्ररी पहिल्या खुर्चीत बसवलेलीसुद्धा. सगळ्या ऑफिसपुढे म्हणाल्या, बंद होताना एकदाही अडखळत नाही, याला म्हणतात काम. टाळ्या वाजल्या. चालू टाळ्यांत कसं सांगायचं?

वायरमन: टाळ्या थांबल्या असतील की कधीतरी.

गुरुजी: सांगणार होतो, दादा. तीन महिन्यांनी पहिली खुर्ची अडकली. बाईंनी विचारलं, कशामुळे? मी तोंड उघडलं, आणि तुम्ही माझ्याआधी म्हणालात, 'वायर सैल असेल बाई, मी बघतो.'

वायरमन: म्हणालो होतो.

गुरुजी: मग मी तोंड मिटलं.

वायरमन: हं.

गुरुजी: दुसऱ्या वेळी सांगू म्हटलं. दुसऱ्या वेळी पहिल्याचंही सांगावं लागलं असतं. असं करत करत...

वायरमन: त्या वर्षी सर्व्हिस खात्याचा प्रमुख मी होणार होतो.

गुरुजी: माहीत आहे.

वायरमन: 'वायरिंगच्या तक्रारी फार आहेत' म्हणून बाईंनी दुसऱ्याला केलं. त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या गाडीतून घरी सोडलंत. वाटेत एक शब्द बोलला नाहीत. मी बायकोला सांगितलं, या माणसाला किती वाईट वाटलंय बघ.

गुरुजी: वाटलंच होतं.

वायरमन: हो. पण मला वाटलं, माझ्यासाठी.

टेस्टर: दादा, पाणी देऊ?

वायरमन: नको, ताई. मला एक सांगा. आता तुमच्या त्या टेस्टमध्ये हे सगळं लिहून येणार का?

टेस्टर: टेस्टमध्ये एवढंच येईल, की मोटर सुटत नाही. कुणामुळे, ते टेस्ट सांगत नाही. ते माणसाला सांगावं लागतं.

गुरुजी: मी सांगतो. बाईंना मेल लिहितो, आत्ताच. थांबा... हं. 'आदरणीय बाई, लायब्ररीच्या तपासणीत एक किरकोळ उणीव आढळली असून...'

वायरमन: किरकोळ?

गुरुजी: बरं, 'एक उणीव आढळली असून'.

टेस्टर: आढळली नाही, गुरुजी. तुम्हाला माहीत होती.

गुरुजी: खोडतो सगळं. 'बाई, लायब्ररीतलं बंद करण्याचं फंक्शन मी अकरा वर्षांपूर्वी लिहिलंच नाही. खुर्च्या त्यामुळे अडकतात. वायरिंगचा कदाचित दोष नसावा.'

वायरमन: कदाचित काढा.

गुरुजी: 'वायरिंगचा दोष नसावा.'

वायरमन: नसावा नको.

गुरुजी: 'वायरिंगचा दोष नव्हता. एकाही खुर्चीत नव्हता. हे मला माहीत असून मी दादांवर ठपका राहू दिला.' पाठवू?

वायरमन: मला काय विचारता? बोट तुमचं आहे.

गुरुजी: गेला.

टेस्टर: आता 'बंद' लिहा, गुरुजी. अख्खी दुपार आहे आपल्याकडे.

गुरुजी: बाई मला इथे ठेवतील का, ते आधी कळू दे.

टेस्टर: ते कळेपर्यंत लिहा. साठ खुर्च्यांत साठ माणसं बसणार आहेत, तोंडात कापूस घेऊन.

गुरुजी: सांग मग. काय काय विचारणार आहेस तिला?

टेस्टर: सुरू झालीच नसेल तर तिनं तसं सांगायचं, उगाच ठीक म्हणायचं नाही. दोनदा बंद केली तर दुसऱ्यांदा मोटरला हात लावायचा नाही. आणि बंद करून परत सुरू केली, की पहिल्यासारखी चालली पाहिजे.

गुरुजी: लिहितोय. मोटर सोडायची, मेमरी परत करायची, खूण पुसायची... हं, चौदा ओळी. चालव.

टेस्टर: लाल.

गुरुजी: कुठली?

टेस्टर: सुरू न करता बंद. कोसळली पार.

गुरुजी: जे घेतलंच नाही ते परत द्यायला निघालीय. आधी विचारायला हवं, काही घेतलंय का. थांब, दोन ओळी. हां, चालव आता.

टेस्टर: हिरवी. दोनदा बंद, हिरवी. सुरू, बंद, सुरू... हिरवी. हजारदा लावते फिरवायला, चहाच्या सुट्टीपर्यंत होईल. मग करते सही.

गुरुजी: दादा, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.

वायरमन: शिव्या कसल्या? मी दुसराच विचार करत होतो. मागच्या वर्षी घर बांधलं ना मी.

गुरुजी: हो, आलो होतो की बघायला. चांगलं झालंय.

वायरमन: त्याचं वायरिंग मी परक्या माणसाकडून करून घेतलं.

गुरुजी: का? तुम्ही असताना?

वायरमन: बायको-पोरं राहणार होती ना आत.