चेरीचे डाग

कार्ला: ...म्हणून म्हणते लाईल, तू दुरुस्ती करत बसू नकोस. गाडी विकली तर किती येतील एवढंच सांग. आईचं गाडी चालवणं आजपासून बंद.

वेल्मा: मी इथंच उभी आहे, कार्ला. अजून मेलेली नाही.

लाईल: बाई, तिसरीत गणित तुम्हीच शिकवलंत मला. आधी कृती, मग उत्तर. नक्की झालं काय?

कार्ला: शेजारच्या टेर्व्होंची टपालपेटी पाडली हिनं! खांबासकट!

वेल्मा: गिअर टाकला, तर गाडी ढिम्म. पाय थोडा दाबला, तर इंजिन नुसतं ओरडतंय, चाकं जागची हलेनात. आणखी दाबला, तेव्हा अशी उडी मारली की टेर्व्होची पेटी आडवी!

कार्ला: बघ. चूक गाडीची! आणि घरी गॅरेजभर लाल थेंब. चेरीचा पाक सांडते आणि आठवत नाही म्हणते. रोज पुसतेय मी.

वेल्मा: बरणी घेऊन गॅरेजात कशाला जाऊ मी?

लाईल: थेंब कुठं पडतात? पुढच्या चाकांच्या मधे?

कार्ला: हो. मेले साबणानंही जात नाहीत.

लाईल: चेरी साबणानं जाते, कार्ला. गिअरबॉक्सचं तेल कुणी बघितलं होतं?

कार्ला: माझ्या नवऱ्यानं, ड्वाइटनं. तेल मोजायची पट्टी काढून दाखवली मला, खुणेपर्यंत भरलेली होती.

लाईल: तेव्हा इंजिन चालू होतं?

कार्ला: बंद. तेल बघताना गाडी बंदच ठेवतात ना!

लाईल: ते इंजिनचं तेल. ह्या गाडीच्या गिअरबॉक्सचं चालू गाडीत, तापल्यावर बघायचं. गाडी बंद केली की सगळं तेल खाली पट्टीपाशी साठतं नि पट्टी खोटं बोलते. बाई, येताना तापलीच आहे. चालू करा, ब्रेकवर पाय ठेवा. हं... आता बघ, कार्ला.

कार्ला: ही तर टोकालाच ओली आहे.

लाईल: गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. अर्धं तुमच्या फरशीवर. तेल नाही तर गिअर पकडणार कशानं? मग सरकतो, नि पकडला की हिसका देतो. वास घे. जळका नाही. वेळेवर आणलीत. खालचं तेल अडवणारं सील गेलंय. चारपर्यंत देतो.

कार्ला: म्हणजे आई...

वेल्मा: आईचं डोकं ठिकाणावर आहे. पण खरं सांगू? घाबरले होते गं. तू रोज थेंब पुसायचीस, आणि मला वाटायचं, खरंच सांडत असेन मी. रात्री बरण्या मोजायचे. सगळ्या भरलेल्या.

कार्ला: मला का नाही सांगितलंस?

वेल्मा: तू किल्ली काढून घेतली असतीस. गावापासून अकरा मैलांवर राहते मी. किल्ली गेली की संपलंच.

(चार वाजता. गाडी दाराशी उभी आहे.)

लाईल: गिअर टाकल्याबरोबर पकडते आता. किल्ली कुणाला देऊ?

कार्ला: तिची आहे. तिला दे.

वेल्मा: ड्वाइटला रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर विचारणार आहे मी. सगळ्यांसमोर. कृती दाखव म्हणून.

कार्ला: आई, नको ना. बिचारा मदत करायला गेला होता.

वेल्मा: बरं, जेवणाच्या टेबलावर विचारते. चल, बस.

कार्ला: आधी टेर्व्होंकडे जाऊ या. खांब मी धरते.

वेल्मा: पट्टा लाव. आणि तिकडं बसून उगाच ब्रेक दाबू नकोस.